फर्गसचा पायगुण

खालच्या दाराची घरघर झाली तेव्हा मी मसुराचं सूप ढवळत होते. आमच्या इमारतीला रस्त्यावरचं दार एकच, आणि ते कुणीही आपापल्या स्वयंपाकघरातलं बटण दाबून उघडू शकतं. उघडलं की म्हाताऱ्या माणसाने घसा साफ करावा तशी जिन्यात घरघर होते. नव्या वर्षाचा पहिला दिवस, दुपारची वेळ, सगळं ग्लासगो अजून पांघरुणात. आता कोण आलं, असं मनात येतंय तोवर पावलं पहिल्या वळणावर आली आणि त्यांच्याबरोबर कठड्याच्या लोखंडावर अंगठी वाजली. टिक. मग दोन पायऱ्या. टिक. मी हातातला चमचा सोडला आणि तो सुपात बुडाला. भीती वाटते तेव्हा तुम्हाला नेमकं काय होतं, असं महानगरपालिकेची शोना मला विचारायची. पोटात गोळा येतो का, हात थरथरतात का, श्वास अडकतो का. तिला हवं ते उत्तर मला कधी देता आलं नाही. मला दमल्यासारखं होतं, बस्स. जिना चढून आल्यासारखं. चढत असतो तो आणि दमते मी.

पावलं आमच्या मजल्यावर थांबली. इथे दारं दोनच, एक माझं आणि समोरचं मिसेस पेट्रींचं. दाराला कान लावावा लागत नाही; जिना दगडी आहे आणि त्यात कुजबुजसुद्धा सभेत केल्यासारखी ऐकू येते. तो माझ्याकडे वळला नाही. त्याने समोरच्या दारावर टकटक केली, त्याची ती नेहमीची, ठेका धरल्यासारखी.

"कोण आहे?" मिसेस पेट्रींनी विचारलं. बटण दाबून त्याला वर घेतलं होतं त्यांनीच, पण विचारायची पद्धत असते.

"उंच, काळ्या केसांचा आणि तहानलेला," फर्गस म्हणाला.

"पांढरे झाले रे केस तुझे."

"कानाजवळचे फक्त. पायगुण टाळूपाशी असतो."

त्या खुदखुदल्या. "ये बाबा, ये. सकाळपासून ताटकळलेय. वरची पोरगी दूध घेऊन आली होती, तिला उंबऱ्याबाहेरच उभी केली. म्हटलं ठेव तिथे आणि जा. वेडी समजली असेल मला."

"ती आधीपासूनच समजत असेल."

"चल, मेल्या," मिसेस पेट्री म्हणाल्या, आणि त्यांचं दार लागलं.

या शहराने सगळ्या जगाला पुरतील एवढी जहाजं बांधली, वाफेची गणितं सोडवली, आणि तरी नव्या वर्षात उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं यावर आम्ही वर्षाचा हिशेब लावतो. उंच हवा, काळ्या केसांचा हवा, पुरुष हवा. हातात कोळशाचा खडा, गोड काहीतरी आणि बाटली. बाई आली तर वर्ष कुरकुरत जातं. लाल केसांची बाई आली तर बायका दबल्या आवाजात बोलतात. मी हे सगळं मानत नाही; पण शिडीखालूनही मी जात नाही, कारण मानत नाही हे शिडीला कुठे माहीत असतं. आमच्या जिन्यात उंच आणि काळ्या केसांचा एकच होता, माझा नवरा. मध्यरात्रीच्या घंटा व्हायच्या आधी तो खाली फुटपाथवर जाऊन उभा राहायचा आणि मग घरोघरी पाऊल टाकत वर यायचा. प्रत्येक घरी एक पेला. आमचं घर सगळ्यात वरचं नव्हे, पण तो ते शेवटी ठेवायचा, घरचं म्हणून. त्यामुळे सगळ्या जिन्याला त्याचा पाय लाभायचा, आणि मला हात.

त्याचा स्वभाव चांगला, हे आमच्या जिन्यात दगडाइतकं पक्कं आहे. मिसेस पेट्रींच्या कोळशाच्या पिशव्या त्याने वर आणल्या, बल्ब बदलले, त्यांचा नवरा गेला तेव्हा शवपेटीला खांदा दिला. आमच्याकडे जिना धुवायच्या पाळ्या असतात. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक पुठ्ठा अडकवलेला असतो, 'या आठवड्यात तुमची पाळी', आणि तो पुठ्ठा दाराला लटकत असताना जिना न धुणं म्हणजे चर्चमध्ये उघड्याने जाण्यासारखं. एका वर्षी माझं मनगट प्लास्टरमध्ये होतं आणि पुठ्ठा आमच्या दाराला होता. फर्गसने बाह्या वर केल्या आणि वरपासून खालपर्यंत जिना धुतला, शीळ घालत. त्या आठवड्यात मला जी भेटली ती हेच म्हणाली, नशीबवान आहेस हो, आमचे हे बादलीला हातसुद्धा लावायचे नाहीत. मी म्हटलं, हो. मनगट कुणी मोडलं हे त्या पुठ्ठ्यावर लिहायला जागा नव्हती.

मला तो भेटला तो कामावर. बसच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीशी मी बसायचे आणि तो बस चालवायचा. एके दिवशी त्याने बायकी हातमोजा आणून दिला, पिवळा, एकच. दुसऱ्या दिवशी छत्री. मग चष्मा, मग दातांची कवळी कागदात गुंडाळून, मग एकच कुबडी. कुबडीवर आम्ही खूप हसलो. म्हटलं माणूस आला लंगडत आणि गेला चालत, तुमच्या बसमध्ये चमत्कार होतात. रोज काहीतरी घेऊन यायचा. पुढे पुढे मला वाटायला लागलं, हा माझ्यासाठी लोकांच्या वस्तू चोरतो की काय, आणि ते मला गोड वाटलं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. त्या खिडकीवर एक गोष्ट मी शिकले, की आपली हरवलेली वस्तू कुणालाही नीट सांगता येत नाही. काळी छत्री, म्हणायचे. कशी काळी? काळी म्हणजे, काळी. पुढे शोनाने मला विचारलं की हे सगळं सुरू होण्याआधी तुम्ही कशा होता, तेव्हा मला त्या छत्रीवाल्यांची दया आली.

शोना महानगरपालिकेकडून आली होती. ती येईपर्यंत मला भेटलेल्या प्रत्येक शहाण्या माणसाने एकच प्रश्न विचारला होता, तू निघून का जात नाहीस? डॉक्टरने विचारलं, माझ्या बहिणीने विचारलं, एका पोलिसाने तर जांभई देत विचारलं. मी गेलेही होते. दोनदा. दुसऱ्या गावातलं, बायकांना आसरा देणारं घर, खोलीत अनोळखी मुलीचं रडणं, फ्रिजमध्ये प्रत्येकीच्या दुधावर नावाची चिठ्ठी. वाईट कुणीच नव्हतं तिथे. पण संध्याकाळी खिडकीत उभं राहावं तर बाहेर भलताच रस्ता. मी इथे, आणि तो माझ्या घरात माझ्या खुर्चीत, माझ्या किटलीतला चहा पीत, आणि जिन्यातल्या बायका त्याला डबे देतायत, बिचारा एकटा पडला म्हणून. मी काहीतरी केलं होतं आणि पळून आले होते, असं वाटायचं. परत आले दोन्ही वेळा. शोनाने मात्र तो प्रश्न विचारलाच नाही. ती आली, घरभर फिरली, खिडक्यांच्या कड्या हलवून पाहिल्या, आणि म्हणाली, "घर छान आहे, एल्सपेथ. तुम्ही कशाला जायचं? त्याला पाठवू." इतकी साधी गोष्ट. आयुष्यभर एखादं जड कपाट ढकलत राहावं आणि कुणीतरी येऊन म्हणावं, बाई, याला चाकं आहेत.

मग कोर्ट झालं. त्याने आमच्या रस्त्यावर पाऊल ठेवायचं नाही असा हुकूम निघाला आणि तो नदीपलीकडे बहिणीकडे राहायला गेला. मग सुतार आला. जुनं दार काढून नवं बसवलं, आतून पोलादी पत्रा, चौकटीला लोखंडी पट्टी, नवं कुलूप, वर आणि खाली जाड खिट्ट्या, मध्ये गोल भिंग. पोस्टमनने पत्रं टाकायची दारातली फट बुजवली, म्हणजे तिच्यातून कुणी पेटता बोळा टाकू नये. आता पत्रं खाली एका पेटीत येतात. झोपायच्या खोलीचं दारसुद्धा भरीव केलं, आतून खिट्ट्या, कारण पहिलं दार पडलं तर दुसऱ्याच्या आड बसून पोलिसांची वाट बघायची. शोना तिला 'आसऱ्याची खोली' म्हणते. त्या खोलीत मी एक किटली आणि बिस्किटांचा डबा ठेवला. माझी सगळी जुनी भांडणं त्याच खोलीत झाली होती, त्यामुळे आसरा तिथेच मिळणार हे मला जरा विनोदी वाटलं, पण सुतार भला माणूस होता, त्याच्यासमोर हसले नाही. गळ्यात एक बटण दिलं. ते दाबलं की पोलिसांना आमचा पत्ता दिसतो आणि त्या पत्त्यावर आधीच खूण आहे. "आधी बटण, मग विचार," शोना म्हणाली. "आणि किल्ली कुणालाही द्यायची नाही. कुणाला म्हणजे कुणालाही."

"नाही देणार," मी म्हटलं होतं.

समोर मिसेस पेट्रींकडे आता पेले वाजत होते. फर्गसचा आवाज मधूनच वर यायचा, मग त्यांचं हसू. गेल्या वर्षी त्यांच्याकडे पहिलं पाऊल पडलं ते गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाचं. पूर्ण टक्कल. कोणत्या रंगाचं धरायचं, हे मिसेस पेट्री बरेच दिवस ठरवू शकल्या नाहीत. मग वसंतात त्यांचा पोपट मेला आणि पानगळीत त्या आंघोळीच्या टबात पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ठरलं. त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त काठी टेकत दारात आल्या की माझ्या नव्या दाराकडे बघायच्या, खालपासून वरपर्यंत, बँकेकडे बघावं तशा. एकदा म्हणाल्या, "एवढं दार, एल्सपेथ. आत काय, राणीचे दागिने ठेवलेत?" मी म्हटलं, "नाही हो, मी असते." त्या म्हणाल्या, "हं."

बटण माझ्या गळ्यात होतं. ते दाबायला वेळ लागत नाही. पण दाबलं की काय होईल हे मला दिसत होतं: निळे दिवे, बुटांचे आवाज, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी एका ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या टेबलावरून तिच्या पाहुण्याला दंडाला धरून उठवतील. टेबलावर कोळसा, केक, अर्धे पेले. दारादारांतून डोकी बाहेर येतील. त्यांना दिसेल काय, तर खडा घेऊन आलेला माणूस आणि पोलीस बोलावणारी बाई. घर म्हणजे काही नुसतं दाराच्या आतलं नव्हे. घर म्हणजे जिना, धुण्याची पाळी, 'थंडी पडली हो' असं म्हणणारं कुणीतरी. पोलादाच्या आत मी सुरक्षित राहीन शंभर वर्षं, पण जिन्याने तोंड फिरवलं तर शेवटी मीच बॅग भरीन, आणि या वेळी मला कुणी मारलेलंही नसेल. त्याने अजून माझ्या दाराला हातही लावलेला नाही, मी स्वतःला सांगितलं. पेला पिऊन जाईल. शेगडीवर सूप रटरटत होतं. मी गॅस बंद करायला हवा होता. मी तिथेच उभी होते, टॉवेलला हात पुसत, हात कोरडे असताना.

आणि मग मला खिळा आठवला. मिसेस पेट्रींच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरखाली एक खिळा आहे, आणि त्या खिळ्याला माझी किल्ली असते. मी या घरात आले तेव्हापासून असते. माझ्याकडेही त्यांची आहे, माझ्या खिळ्याला. आमच्या जिन्यात हे असंच असतं. शेजारणीकडे किल्ली नसणं म्हणजे शेजार नसणं. सुतार गेला, नव्या किल्ल्या टेबलावर चमकत होत्या, आणि मी त्यातली एक उचलून सरळ समोर गेले आणि म्हटलं, मिसेस पेट्री, ही नवी, जुनी टाकून द्या. त्यांनी घेतली आणि खिळ्याला अडकवली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शोनाने 'कुणालाही' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढे चोर आले होते, अनोळखी माणसं, त्याचा भाऊ. मिसेस पेट्री 'कुणी' आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. महानगरपालिकेने एवढा पत्रा ठोकला, चौकट बदलली, भिंग लावलं, आणि मी ते सगळं एका खिळ्याला टांगून आले. फर्गसला तो खिळा माहीत होता. त्यानेच ठोकला होता.

मी धावले नाही. माझ्या वयाची बाई कॉरिडॉरमध्ये धावत नाही, भराभर चालते. वरची खिट्टी लावली, मग खालची, वाकताना गुडघा कडकन वाजला आणि त्याचाच आवाज त्याला ऐकू जाईल असं वाटलं. उठतेय तोच समोरचं दार उघडलं. भिंगातून जिना गोल आणि लांब दिसतो, तळ्याच्या तळाशी असल्यासारखा. त्यात तो मोठा होत आला. चांगला शर्ट घातला होता, कोट नव्हता. एका हातात कोळशाचा खडा, वर्तमानपत्रावर. मग तो भिंगाच्या खाली गेला, आणि माझ्या पोटाच्या उंचीवर, आतल्या बाजूला, कुलपाची मूठ आपोआप फिरली. कुणाचाच हात नसताना मूठ फिरताना बघणं विचित्र असतं. दार एक केसभर हललं आणि खिट्ट्यांवर अडलं.

"एल्सी," तो म्हणाला. गोड आवाज. बसमध्ये म्हाताऱ्यांना हात देताना लावायचा तो. "नवं वर्ष सुखाचं जावो. खिट्टी लागलीय बघ चुकून."

मी मुठीकडे बघत राहिले.

"मी आत बसणार नाही गं. खडा ठेवतो चुलीपाशी आणि जातो. वर्षाचा दिवस आहे. तुझ्यासाठीच आलोय, माझ्यासाठी नाही."

"अगं घे की त्याला आत!" मिसेस पेट्री. काठी टकटकत त्या त्यांच्या दारात आल्या होत्या. "बाई, दोन मिनिटांचं काम. एवढ्या लांबून आला बिचारा, बसही नाहीत आज. भांडणं काय, कुणाच्या घरी होत नाहीत? आमचे हे मला पळी फेकून मारायचे, मी झारा. पाऊल पडू दे, वर्ष तरी सुधारेल तुझं."

"ऐक त्यांचं," फर्गस म्हणाला. "मोठ्या आहेत."

आणि माझा हात वरच्या खिट्टीपाशी होता. लावायला गेला नव्हता. हे मी पुढे शोनाला सांगितलं तेव्हा तिने मान हलवली, तिला आश्चर्य वाटलं नाही, मला मात्र वाटलं होतं. दार न उघडणं हे फार कष्टाचं काम असतं. ते रोज करावं लागतं, सकाळी उठल्यापासून; दुकानात जाताना, पेटीतली पत्रं आणताना, झोपेत. उघडून टाकलं की निदान ते तरी संपतं, माणूस खाली बसू शकतो. मला इतकी झोप आली होती. वाटलं, खडा ठेवेल, जाईल, सूप देईन वाडगाभर, त्याला माझं सूप आवडतं. खिट्टी थंड होती, आणि तिला नवं तेल होतं, सुताराने दोनदा घातलेलं, अगदी बोटाने सरकेल अशी.

तेवढ्यात त्याचा आवाज खाली गेला. मोठा नाही झाला. फर्गस आवाज कधी मोठा करत नाही. पत्रांच्या बुजवलेल्या फटीशी तोंड आणून, नुसत्या मला ऐकू जावं असा तो म्हणाला, "एल्सी, मी मोजतोय."

तो मोजायचा. पाचपर्यंत. मुलांना मोजतात तसं. पाचच्या आत जे व्हायला हवं ते मी केलं की काही नाही, आणि काय व्हायला हवं ते दर वेळी वेगळं, आणि ते मला सांगितलेलं नसायचं. मोजायला लागला की भिंतीपलीकडे मिसेस पेट्रींचा रेडिओ मोठा व्हायचा. साधारण तीनच्या सुमाराला. बँड असो, हवामान असो, प्रवचन असो, जे लागलं असेल ते. मी त्यांना दोष देत नाही. म्हाताऱ्या बाईने काय करावं? त्या आपल्या परीने मला आवाजच देत होत्या, मी इथे आहे म्हणून. असं मी स्वतःला समजावलं होतं, आणि एवढ्या वर्षांत त्या रेडिओमुळे जगातल्या घडामोडी मला बऱ्याच कळल्या. आता दारामागे उभी राहून मी रेडिओची वाट बघत होते. म्हणजे मनाने नाही, कानाने. कानांना सवय असते.

"एक," तो म्हणाला.

"काय मोजतोयस रे?" मिसेस पेट्रींनी विचारलं. खरंच कुतूहलाने, पेले मोजतोय की काय अशा.

"दोन."

भिंगातून त्या दिसत होत्या, त्याच्या खांद्यामागे, छोट्याशा, नव्या वर्षाचा निळा लोकरी स्वेटर अंगात, दोन्ही हात काठीवर. रेडिओ त्यांच्या स्वयंपाकघरात होता आणि त्या जिन्यात. तिथवर जायला त्यांना खुब्यामुळे वेळ लागतो. त्यांनी मागे वळून आपल्या उघड्या दाराकडे पाहिलं. ते मी पाहिलं. आणि मग त्यांनी परत त्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

"तीन," फर्गस म्हणाला. जिन्यात काहीच वाजलं नाही. ना बँड, ना हवामान. इतकी शांतता माझ्या लग्नात मी तीनच्या आकड्यानंतर कधी ऐकली नव्हती. माझा हात खिट्टीवरून खाली आला आणि मी बटण दाबलं.

"फर्गस," मिसेस पेट्री म्हणाल्या. आवाज बारीक, पण चर्चमध्ये सूचना वाचतात तसा सरळ. "तुझा कोट माझ्याकडे राहिलाय."

तो थांबला. "असू द्या, मिसेस पेट्री. घेतो नंतर."

"आत्ता घे. रस्ता निसरडा होईल. किल्ली दे इकडे."

"मी माझ्या बायकोशी बोलतोय."

"बोलत नाहीयेस, मोजतोयस," त्या म्हणाल्या. "मला आकडे कळतात. कोट घे आणि नीघ."

त्या आत गेल्या, काठी टकटकत, त्यांच्या वेळाने, आणि कोट घेऊन बाहेर आल्या आणि हात लांब करून धरून उभ्या राहिल्या.  मला वाटलं आता तो दाराला लाथ घालेल, किंवा त्यांना ढकलेल. माझं तोंड उघडलं, ओरडायला की त्याला हो म्हणायला, मला माहीत नाही. पण फर्गसला प्रेक्षक लागतात, आणि प्रेक्षक हसणारे लागतात. जिन्यात एवढ्या वर्षांत त्याला असं कुणी पाहिलं नव्हतं, आणि आपण दिसलो आहोत हे त्याच्या मानेला आधी कळलं. ती हळूहळू लाल झाली. त्याने कुलपातली किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि कोट घेतला. खडा माझ्या दारापाशी खाली ठेवला, अगदी जपून, वर्तमानपत्रासकट. मग अंगठी कठड्यावर वाजत खाली गेली. टिक. दोन पायऱ्या. टिक.

पोलिसांना तो बसथांब्यावर सापडला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दुपारी बस नसते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस तिथे बाकावर बसून वाट बघत होता. भांडला नाही म्हणे. गाडीत बसताना त्याने त्यांनाही शुभेच्छा दिल्या.

मग दोघं वर आले. एक तरुण, उंच, केस शाईसारखे काळे. आणि त्याची वरिष्ठ, एक जाडसर पोलीसबाई, टोपी काखेत, डोक्यावर गाजरासारखे लाल केस. मी खिट्ट्या काढल्या, खालची, मग वरची, आणि दार उघडलं. दोघं उंबऱ्याबाहेर उभी राहिली. ती खाली कोळशाकडे बघत होती.

"आज कुणी आलंय का तुमच्याकडे, बाई?" तिने विचारलं. "म्हणजे नव्या वर्षात. आत."

"नाही."

ती अवघडली. स्वतःच्या केसांना हात लावला. "मग हवं तर याला आधी पाठवते. माझी आई मला पहिल्या दिवशी दुपारपर्यंत घरात घेत नसे. स्वतःच्या घरात. मागच्या अंगणात बसवायची."

"थंडीत?"

"स्वेटर द्यायची."

समोरून मिसेस पेट्री आल्या. स्वतःचा उंबरा ओलांडताना त्यांनी पोलीसबाईचे केस पाहिले आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू पोपट पुन्हा मेला. "एल्सपेथ," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "त्या मुलाला आधी घे. अगं, वर्षाचा प्रश्न आहे. माझं ऐक." मग त्यांना आठवलं असावं की मघाशीही त्यांनी मला काहीतरी ऐकायला सांगितलं होतं.  त्यांनी मूठ पुढे केली आणि माझ्या हातात किल्ली ठेवली. ती ऊबदार होती, त्याच्या हाताने की त्यांच्या, कोण सांगणार.

आमच्या जिन्यात किल्ली परत करत नाहीत. माणूस मेला तर करतात, किंवा बोलणं कायमचं तोडायचं असेल तर. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझ्याकडेच असू दे," त्या माझ्या नव्या दाराकडे बघत म्हणाल्या. "माझ्याकडे लोक येतात." मग जायला वळल्या, आणि पाठमोऱ्या म्हणाल्या, "माझी मात्र तुझ्याकडेच ठेव. पडले-बिडले तर."

"ठेवते," मी म्हटलं.

उंच पोरगा पुढे सरकला होता, मदत करायला, बूट पुसत. चांगला मुलगा होता, हसरा. पुढे कधीतरी कुणाच्या तरी घरी तो पहिलं पाऊल टाकेल आणि ते घर सुखात राहील, अशी आशा आहे. मी त्याला हाताने थांबवलं आणि पोलीसबाईला म्हटलं, "तू ये."

"नक्की?"

"ये गं."

तिने कोळशाचा खडा ओलांडला आणि आत आली. कॉरिडॉरमध्ये उभी राहून तिने नाक वर केलं. माझ्या घरात नव्या वर्षातला पहिला शब्द ती बोलली.

"करपलंय काहीतरी."

"मसूर," मी म्हटलं. "बूड लागलंय. बस, वरवरचं वाढते."